‘गेम भारी आहे’च्या पुढे: हौशी गेम समीक्षकासाठी सविस्तर मार्गदर्शक

‘ग्राफिक्स एक नंबर, स्टोरी ठीकठाक, कंट्रोल्सची जरा सवय व्हावी लागते, दहापैकी आठ.’ मराठीत गेमवर जे लिहिलं-बोललं जातं, त्यातलं बरंचसं एवढ्यात उरकतं. यात खोटं काही नसतं. फक्त गेमचं नाव झाकलं तर हे क्रिकेटच्या गेमबद्दल चाललंय की भुताटकीच्या, याचा पत्ता लागत नाही.

परीक्षण लिहायला पत्रकारितेची पदवी लागत नाही, महागडा पीसीही लागत नाही. एक सवय मात्र लावून घ्यावी लागते. मत बनवायच्या आधी, गेम आपल्याकडून नेमकं काय करवून घेतोय हे बघायचं. खालचं सगळं त्या सवयीसाठी आहे.

पहिला गेम कुठला घ्यावा

या आठवड्यात आलेला आणि सगळ्यांच्या तोंडी असलेला तर अजिबात नको. प्लेस्टेशन ५ वरचा मोठा गेम नवा घ्यायचा म्हटलं तर पाच हजारांच्या घरात जातो. तेवढे पैसे मोजल्यावर तो वाईट आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही. शिवाय मोठ्या संकेतस्थळांच्या समीक्षकांना तो आधीच मिळालेला असतो. तुम्ही शनिवार-रविवार जागून काढलात तरी सोमवारी तुमचं परीक्षण शेकडो परीक्षणांच्या मागे उभं असणार.

लहान, पूर्ण झालेला, दोन-तीन बैठकांत संपणारा गेम घ्या. ‘वेन्बा’ (२०२३) हे चांगलं उदाहरण आहे. टोरांटोच्या विसाई गेम्सने केलेला हा गेम १९८० च्या दशकात कॅनडात गेलेल्या एका तमिळ कुटुंबाचा आहे. आईच्या फाटक्या, डाग पडलेल्या पाककृतींच्या वहीतून पदार्थ कसा करायचा हे आपण शोधून काढायचं. एका दुपारी संपतो. इडलीपात्राच्या थाळ्या कशा रचल्या म्हणजे वाफ सगळीकडे पोचते, हे तिथे कोडं आहे. ते कोडं न्यूयॉर्कच्या समीक्षकाला जसं दिसेल तसं आपल्याला दिसणार नाही. आपल्या घरात ते पात्र आहे.

पैसे न घालताही बरंच मिळतं. एपिक गेम्स स्टोअर दर गुरुवारी गेम फुकट देतं, इच डॉट आयओ या संकेतस्थळावर छोट्या निर्मात्यांचे ढीगभर प्रयोग पडलेले असतात, आणि स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या नेक्स्ट फेस्टमध्ये यायच्या बाकी असलेल्या गेमचे डेमो खेळता येतात. स्टीमवर विकत घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर परत करता येतो. ही सोय खिसा वाचवायला आहे. पावणेदोन तास खेळून गेम परत करायचा आणि वर त्याचं ‘परीक्षण’ टाकायचं, हे धंदे करू नका.

प्रकार मात्र ओळखीचाच निवडा. सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइकवर ज्यांची सुट्टी गेली, त्यांना बंदुकीच्या झटक्यातला फरक न सांगता कळतो. तीच मंडळी पहिल्याच फटक्यात शंभर तासांच्या जपानी आरपीजीवर (पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) लिहायला बसली तर निम्मा लेख नियम समजून घेण्यातच जातो.

वही जवळ, पहिल्या तासापासून

पहिला तास सगळ्यात मोलाचा. या तासात तुम्ही गेमला अनोळखी असता. कुठे अडखळलात, कुठलं बटण चुकून दाबलं, काय करायचंय हे किती वेळ कळलं नाही, हे सगळं दुसऱ्या दिवशी सवयीत विरघळून जातं. मग ‘सुरुवात सोपी आहे’ असं आपण बिनदिक्कत लिहून मोकळे होतो. म्हणून खेळ थांबवून दोन शब्द खरडायचे. वहीत नाही जमलं तर फोनवर बोलून ठेवायचं. कुठे होतो, काय करायला गेलो, काय होईल असं वाटलं आणि झालं काय. ‘मजा आली’ अशी नोंद निरुपयोगी. ‘तिसऱ्या पुलावर उडी चुकली, वाटलं आता सगळं पहिल्यापासून, पण तिथूनच उभं केलं’ ही नोंद कामाची.

त्या नोंदीतून कारणापर्यंत जायचं असतं. ‘सेलेस्ट’ (२०१८) घ्या. डोंगर चढणाऱ्या मुलीचा हा गेम भयंकर अवघड आहे, पण खेळणारा त्याच्यावर क्वचितच चिडतो. ‘कंट्रोल्स स्मूद आहेत’ असं म्हणून इथे भागत नाही. मुद्दाम कड्यावरून चालत पुढे जा आणि पाय सुटल्यावर, किंचित उशिराने, उडीचं बटण दाबा. उडी लागते! निर्मात्यांनी काही फ्रेमची (फ्रेम म्हणजे पडद्यावर उमटणारं एक चित्र) सवलत ठेवलीय. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची, म्हणजे ही सवलत डोळ्याला दिसत नाही, बोटाला जाणवते. उडी मारताना डोकं कोपऱ्याला घासलं तर गेम तुम्हाला हळूच बाजूला सरकवतोही. म्हणून पडल्यावर ‘माझंच चुकलं’ असं वाटतं आणि हात आपोआप पुन्हा बटणावर जातो. हे लिहिलंत की वाचकाला गेम भारी का आहे ते कळलं, आणि तुम्हाला ‘भारी’ हा शब्द वापरावाही लागला नाही.

असे प्रयोग प्रत्येक गेममध्ये करून बघायचे. मुद्दाम हरा. काहीच न करता उभे राहा. बाण जिकडे जा म्हणतो त्याच्या उलट जा. आवाज बंद करून अर्धा तास खेळा. संगीतावर किती काय उभं होतं ते तेव्हा कळतं. अवघडपणाची पातळी बदला आणि शत्रू हुशार होतात की त्यांचं फक्त रक्त वाढतं, ते पाहा. सेटिंग्जमध्ये जाऊन उपशीर्षकांचा आकार, रंगांधळेपणासाठीची सोय आणि बटणं बदलायची मुभा बघून घ्या. मराठीत या गोष्टींवर फारसं कोणी लिहीत नाही, आणि ज्याला त्या लागतात त्याच्या दृष्टीने तुमच्या लेखातली तीच ओळ महत्त्वाची असते.

गेम संपवलाच पाहिजे का? सरळ कथा असलेला असेल तर हो. न संपणारा असेल तर किती तास खेळून लिहिताय ते सांगा. अर्ध्यात कंटाळून सोडला असेल तर तसं लिहा, कुठे सोडला तेही लिहा. ती माहितीच आहे.

नोंदींमधून मुद्दा कसा निघतो: एक नमुना

इथे नवखे अडतात. वही भरलेली असते, पण म्हणायचं काय ते सापडत नाही. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा गेम घेऊन हे करून बघू, कारण तो बहुतेकांनी खेळलेला किंवा बघितलेला असतो आणि शेती आपल्याला परकी नाही.

हा गेम एरिक बॅरोन या एकट्या माणसाने केला, आला फेब्रुवारी २०१६ मध्ये. कंपनीतली नोकरी सोडून आजोबांच्या पडीक शेतावर राहायला जायचं, खिशात ५०० नाणी, गावच्या प्रमुखाने दिलेलं, पार्सनिप या गाजरासारख्या कंदाच्या १५ बिया असलेलं पाकीट. आता नोंदी बघा, साध्या, जशा वहीत येतील तशा:

पार्सनिपचं बी २० नाण्यांना, चार दिवसांत तयार, विक्री ३५ ला. ऋतू २८ दिवसांचा. ऋतू बदलला की मागचं पीक सकाळी उठल्यावर वाळलेलं. एक दिवस पाणी घालायला विसरलं तर रोप मरत नाही, त्या दिवशी वाढत नाही एवढंच. पाऊस आला की पाणी घालायचं काम वाचतं. बुजगावणं नसेल तर कावळे खातात, वादळात कधी वीज पडते. माल घराशेजारच्या पेटीत टाकायचा, रात्रीत पैसे जमा. उन्हाळ्यात शंभर टोमॅटो एकदम टाकले तरी शंभरावा टोमॅटो पहिल्याइतकाच, ६० नाण्यांना गेला. दिवस सकाळी सहाला सुरू, रात्री दोनला माणूस जागेवर कोसळतो. आपल्या घड्याळात तो अख्खा दिवस पाव तासही नाही, चौदा मिनिटांच्या आसपास. दम संपला की कुदळ उचलवत नाही.

आता या नोंदी जवळ मांडून प्रश्न विचारायचा: गेमने काय ठेवलंय आणि काय काढून टाकलंय? टोमॅटोची नोंद बघा. भाव पडत नाही. आडत नाही, तोलाई नाही, व्यापाऱ्याचा फोन नाही, कर्ज नाही. दुष्काळ नाही, आणि अवकाळीने बाग झोपवली असंही होत नाही. म्हणजे आभाळ आणि बाजार, या ज्या दोन गोष्टींनी शेतकऱ्याची झोप उडते, त्यांची धार काढून टाकलीय. मग टंचाई उरली कशाची? वेळेची आणि दमाची. सगळा ताण त्या चौदा मिनिटांत आहे.

हा झाला मुद्दा. इथून परीक्षण आपोआप पुढे सरकतं. गेम शांत वाटतो कारण कष्टाचं फळ ठरलेलं आहे. आणि तीच गोष्ट पुढे त्याच्यावर उलटते. फळ ठरलेलं असल्यामुळे उन्हाळा येईपर्यंत आपण फुलं-पाखरं बघायचं सोडून दर चौकोनामागे रोजचे किती सुटतात याचा हिशेब करत बसतो. शांततेच्या शोधात आलेला माणूस रात्री पावणेदोनला खाणीतून धावत घरी निघालेला असतो. गेम आवडला की नाही, हे त्यानंतर दोन ओळींत सांगा. वाचकाला तोवर स्वतःचं उत्तर मिळालेलं असेल. आणि ज्यांच्या घरी रस्त्याच्या कडेला टोमॅटो ओतून द्यायची वेळ आलीय त्यांना हे परीक्षण वेगळंच भिडेल, हे वेगळं सांगायला नको.

तुमची नजर म्हणतात ती हीच. ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ (२०१७) पश्चिम घाटात घडतो आणि होयसळांच्या खजिन्याभोवती फिरतो. बेलूर आणि हळेबीड ही नावं तिथे हरवलेल्या शहरांची म्हणून येतात. प्रत्यक्षात दोन्ही हासन जिल्ह्यात आहेत, शाळेच्या सहली जातात, बेलूरच्या चेन्नकेशवाची पूजा आजही चालू आहे. गेमला एवढ्यावरून आडवं करायची गरज नाही. खजिन्याच्या गोष्टीला हरवलेलं शहर लागतंच. पण चालतंबोलतं गाव ‘हरवलेलं’ करण्यात कोणाची सोय आहे, हा प्रश्न विचारायला आपल्याइतकं जवळ कोण बसलंय?

फोनवरचे गेम: मोकळं रान

महाराष्ट्रात गेम खेळणाऱ्या बहुसंख्यांच्या हातात फोन आहे, आणि फोनवरच्या गेमचं नीट परीक्षण शोधून सापडत नाही. हौशी समीक्षकाला याहून चांगली संधी नाही. फक्त इथे पद्धत बदलते.

पहिला दिवस गोड असतो, तो धरू नका. किमान आठवडाभर रोज खेळा, कारण खरी भिंत पुढे लागते. पहिली जाहिरात कितव्या मिनिटाला आली? ती बंद करायची फुली किती सेकंदांनी दिसली? हरल्याबरोबर ‘फक्त ८९ रुपयांत’ अशी खिडकी उघडते का, आणि हरणं संशयास्पदरीत्या अगदी थोडक्यात होतं का? दम भरायला तासभर थांबा किंवा पैसे मोजा, असा प्रकार आहे का? दुकानाच्या पानावर जाहिराती आणि ॲपमधली खरेदी आहे एवढंच लिहिलेलं असतं, ती तुमच्याशी कशी वागते ते तुम्ही सांगायचं. बंद पेटीतून काय निघेल याचे पैसे घेत असतील तर निघण्याची शक्यता कुठे जाहीर केलीय ते शोधा आणि लिहा.

फोनचं मॉडेल आणि रॅम न चुकता द्या. पन्नास हजारांच्या फोनवर लोण्यासारखा चालणारा गेम बारा हजारांच्या फोनवर वीस मिनिटांत हात भाजतो, आणि वाचकाकडे बहुधा दुसरा असतो.

लिहायला बसल्यावर

कंपनीचा इतिहास आणि ट्रेलर कधी आला होता यावर पहिला परिच्छेद घालवू नका. खेळणाऱ्याच्या हातात काय पडतं तिथून सुरू करा. मग मुद्दा, मग पुरावा म्हणून दोन-तीन प्रसंग. तांत्रिक बाजू त्यानंतर, आणि ती फार ताणू नका. कथा सांगायची तर पहिल्या तासाइतकीच. शेवटाबद्दल बोलल्याशिवाय मुद्दा मांडताच येत नसेल तर आधी ठळक इशारा द्या.

लेखाच्या सुरुवातीला किंवा शेवटी एक चौकट हवीच: कुठल्या यंत्रावर खेळलात, गेमची कुठली आवृत्ती, किती तास, कुठल्या पातळीवर, आणि गेम विकत घेतला की फुकट मिळाला. ही कारकुनी वाटते, पण ‘सायबरपंक २०७७’ आठवा. डिसेंबर २०२० मध्ये तो यायच्या आधी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत दिली होती, स्वतः टिपलेलं चित्रण दाखवायलाही मनाई होती. परीक्षणं झकास आली. प्रत्यक्षात जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर तो धड चालत नव्हता, आणि आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. पीसीवर खेळून लिहिणाऱ्यांनी खोटं लिहिलं नव्हतं. मात्र ‘कन्सोलवर बघितलेला नाही’ हे ज्यांनी ठळकपणे लिहिलं, त्यांच्या वाचकांचे पैसे वाचले. आवृत्तीचंही तसंच: २०१६ मध्ये आलेला ‘नो मॅन्स स्काय’ आणि आज मिळणारा ‘नो मॅन्स स्काय’ यांच्यात इतका फरक पडलाय की तारखेशिवाय परीक्षणाला अर्थ नाही.

गुणांचं काय? जपानच्या ‘फामित्सू’ या गेमच्या साप्ताहिकात चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात, बेरीज चाळीसपैकी. पद्धत म्हणून ती मला आवडते, कारण चौघांचं पटत नाही हे त्यात उघड दिसतं. एकट्या माणसाचा आकडा मात्र वाचकाला लेख न वाचण्याची परवानगी देतो. आणि आकडे निरुपद्रवी नसतात. ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’च्या निर्मात्यांना मेटाक्रिटिकवर (सगळ्या परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणारं संकेतस्थळ) ८५ मिळाले तर बोनस मिळणार होता, मिळाले ८४. सुरुवातीचं वर्षभर तरी गुण देऊ नका, असं माझं स्पष्ट मत. द्यायचेच असतील तर ‘आत्ता घ्या’, ‘सवलतीत घ्या’, ‘सोडा’ एवढं पुरतं.

चित्रण आणि साधनं

यात फार काही नाही. पीसीवर ओबीएस स्टुडिओ हा चित्रण करायचा प्रोग्राम फुकट आहे. तेवढीही खटपट नको असेल तर विंडोजमध्ये विंडोज, ऑल्ट आणि आर ही तीन बटणं एकदम दाबली की चित्रण सुरू होतं. फोनमध्ये स्क्रीन रेकॉर्डर असतोच. आवाजासाठी आधी शांत खोली शोधा, माइक नंतर. पंख्याचा आवाज कुठल्याही माइकला ऐकू येतो.

दुसऱ्याच्या गेमचं चित्रण वापरायला परवानगी आहे का, हे हमखास विचारलं जातं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ टीका आणि परीक्षणासाठी वाजवी वापराची मुभा देतं. वाजवी म्हणजे तुमचं बोलणं पुढे न्यायला लागतील तेवढे तुकडे. अख्खी कथा सलग टाकून वर दोन वाक्यं बोललात तर ती मुभा सांगणं अवघड जाईल. गेममध्ये बाहेरची गाणी असतील तर यूट्यूबवर हक्काचा दावा येतो. बऱ्याच गेममध्ये ती गाणी बंद करायची सोय सेटिंग्जमध्ये असते, चित्रणाआधीच बघा.

फुकट प्रती, पैसे आणि भीड

चार-पाच चांगली परीक्षणं हातात असली की छोट्या निर्मात्यांना मेल करायला हरकत नाही. मेल चार ओळींचा: तुम्ही कोण, कोणासाठी लिहिता, परीक्षणांचे दुवे, प्रत कुठल्या यंत्रासाठी हवी. वाचक थोडे असतील तर थोडेच सांगा. खोटी नावं घेऊन प्रती उकळणारे आणि त्या विकणारे इतके झालेत की निर्माते प्रत्येक पत्त्याची खात्री करतात. अनेकजण कीमेलरसारख्या सेवेतूनच प्रती देतात. प्रतीसोबत अमुक तारखेआधी छापू नका अशी अट आली तर ती पाळायची. मजकूर आधी दाखवा, अशी अट आली तर प्रत परत करायची.

फुकट मिळालं किंवा पैसे घेतले की ते सुरुवातीलाच सांगा, खाली दडवून नको. ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’ (२०१४) च्या प्रसिद्धीसाठी वॉर्नर ब्रदर्सने यूट्यूबरना पैसे दिले आणि तो उल्लेख व्हिडिओखाली, ‘आणखी पाहा’ दाबल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी होता. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्यावर कारवाई केली आणि २०१६ मध्ये कंपनीला समझोता करावा लागला. आपल्याकडेही जाहिरात मानक परिषदेची २०२१ पासून आणि ग्राहक व्यवहार खात्याची २०२३ पासून यावर मार्गदर्शक तत्त्वं आहेत. हौशी आहोत म्हणून सुटका नाही.

पैसे लावून खेळायच्या ॲपचे मेल तुमचे हजार वाचक व्हायच्या आतच येतील. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने अशा खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातीवरही बंदी घातलीय, जाहिरातीला तुरुंगवासाची तरतूद आहे. मेल थेट कचऱ्यात.

दबाव नेहमी अनोळखी माणसाकडूनच येतो असं नाही. २००७ मध्ये गेमस्पॉटने जेफ गर्स्टमन या अनुभवी समीक्षकाला काढून टाकलं. ‘केन अँड लिंच’ला त्याने कमी गुण दिले होते आणि त्याच गेमची जाहिरात संकेतस्थळभर लागलेली होती. कारण खुलेपणाने बोलायला त्याला २०१२ उजाडलं.

आणि मग आपल्या माणसांचा गेम. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. त्याआधी २०१७ ची, लोकांकडून पैसे उभे करायची त्यांची वर्गणी मोहीम फसली होती, हे सगळं माहीत असताना त्याच्यावर कडक लिहायला हात आखडतो. हात आखडू नका. राजस्थानी आणि बाली शैलीच्या वास्तू, विष्णू आणि दुर्गेच्या संवादातून पुढे जाणारी गोष्ट, खांबाभोवती गिरकी घेऊन केलेला वार, हे मनापासून लिहा. लढाया पुढे त्याच त्याच वाटतात आणि शेवट अचानक संपल्यासारखा येतो, हेही तितक्याच ठळक लिहा. मोहीम फसल्याची गोष्ट पार्श्वभूमी म्हणून येऊ द्या, गुण वाढवायला नको. पुढचा गेम करताना त्या टीमला दोन्ही लागणार आहे.

छापून झाल्यावर

पहिल्या तासात शिव्या आल्या तर उत्तर देऊ नका. दुसऱ्या दिवशी वाचा आणि दोन ढीग करा. ‘तुला खेळता येत नाही’ हा एक ढीग, तो सोडून द्या. ‘ती तलवार दुसऱ्या प्रकरणात मिळते, तिसऱ्यात नाही’ हा दुसरा. तो तपासा, चूक असेल तर दुरुस्त करा आणि लेखाच्या खाली दुरुस्तीची तारीख टाका. गेमला मोठा अपडेट आला आणि तुमचा मुख्य आक्षेपच मिटला, तर जुना मजकूर पुसू नका, खाली नवा परिच्छेद जोडा. कोणी निर्माता मेल करून मत बदलायला सांगेल. त्याला तथ्यात काय चुकलंय ते विचारा. तसं काही नसेल तर आभार मानून पुढच्या गेमची वही उघडा.